सही

रविवारी दुपारी पाडोव्हाहून मिनीबस येते,
चर्चमागच्या मोकळ्या जागेत थांबते
आणि ड्रायव्हर नावं पुकारत खोकी खाली देतो.
मॉल्डोव्हातल्या आमच्या बाजूच्या कुठल्याही गावात जा, हेच.
आया सीटवर बसून जातात
आणि खोक्यांत भरून परत येतात:
पास्ता, साबण, एक नंबर मोठे बूट.
पाय वाढतोय हे तिला ठाऊक असतं,
किती, ते नाही.

आई तिथे एका म्हातारीचं करते.
न्हाऊ घालते, भरवते.
म्हातारी तिला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारते
आणि आई ओ देते.
हे तिने फोनवर हसत सांगितलं होतं.
मी हसले नव्हते.

तेव्हा मी सातवीत, इयोनेल पहिलीत.
दर शुक्रवारी दोन डायऱ्या, दोन सह्या,
पालकांच्या.
पहिल्या शुक्रवारी मी नुसतीच पान उघडून बसलेले,
तर औरिकाने पेन ओढून घेतलं,
आईच्या जुन्या पासबुकावर एकदाच नजर टाकली
आणि अक्रोड सोलून काळ्या झालेल्या बोटांनी
लिहून टाकलं: लिदिया कोझोकारू.
शेवटच्या अक्षराला बेडकाच्या पिल्लासारखं शेपूट.
आईच्या सहीला शेपूट नव्हतं.
"असू दे," औरिका म्हणाली,
"लांब गेली की माणसं बदलतात."

अडीच वर्षं.
सहलीला संमती, लस टोचायला संमती,
गणितात चार मिळाले ते वाचल्याची पोच.
इयोनेलने एकाचं नाक फोडलं तेव्हा तर
'मी त्याच्याशी बोलते' असं आख्खं वाक्य, खाली शेपूट.
आणि ती खरंच बोलली.
विहिरीच्या कठड्यावर बसवून, त्याचे हात हातात घेऊन,
काय ते मला ऐकू आलं नाही.
तो रडला एवढं दिसलं,
आणि मग दोघांनी मिळून एक सूर्यफूल सोलून खाल्लं.

एकदा भांडलोही.
खोक्यातून आलेलं जॅकेट तिने नुसतं घालून पाहिलं
आणि मी बोलून गेले,
"तुझी आई तर घरीच आहे."
तिची आई घरीच असते.
अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून.
हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले असेन.

तीन आठवडे अबोला.
पण शुक्रवारी मी डायऱ्यांची पिशवी
तिच्या कुंपणाच्या खिळ्याला अडकवून यायची
आणि रात्री ती आमच्या खिळ्याला असायची,
सह्या झालेल्या.
अबोला त्याच्या जागी,
शेपूट त्याच्या जागी.

यंदा ईस्टरच्या आधी मिनीबसमधून
खोक्याऐवजी आई उतरली.
इयोनेलने तिला नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा.
शुक्रवारी डायऱ्या तिने स्वतः मागून घेतल्या,
चष्मा लावून, ताठ बसून सही केली.
सोमवारी स्तेपानिदा बाईंचा लाल शेरा:
'ही सही पालकांची नाही.'

आई हसली, आधी.
मग पानं मागे मागे उलटत गेली,
सगळे शुक्रवार,
म्हातारीच्या गोळ्यांचा कागद वाचत असेल तशी,
बोट ठेवून, एक ओळ न चुकवता.
'मी त्याच्याशी बोलते' पाशी
बराच वेळ बोट हललं नाही.

"बोलाव तिला," म्हणाली.

औरिका दारातच उभी राहिली.
अंडी रंगवत होती, बोटं लाल,
मागे लपवलेली.
आईने खुर्ची सरकवली, कागद सरकवला, पेन दिलं.
"मला परत जायचंय अकरा दिवसांनी," ती म्हणाली,
"तोवर शिकव."

मी पावाला लोणी लावत होते, तीन माणसांना, मग चौथ्यालाही.
मागून औरिकाचा आवाज येत होता,
हळू, जरा रागावल्यासारखा:
"असं नाही, काकू.
मनगट सैल सोडा.
शेपटाला ओढायचं नसतं,
त्याला जाऊ द्यायचं असतं."